एक शेड आखूड, एक शेड लांब

"खोकं कुठंय?" गार्गी ओरडली.

सकाळपर्यंत पोर्चच्या कोपऱ्यात बुटांचं खोकं होतं आणि त्यात कापसावर खारीची तीन पिल्लं झोपलेली होती. आता तिथे नवाकोरा कूलर ऐटीत बसला होता! अपूर्वनं कूलरमागे वाकून पाहिलं, पियुषनं चपलांचं कपाट उपसलं. खोकं नव्हतंच.

गार्गी आणि तिचा धाकटा भाऊ अपूर्व सुट्टीसाठी बेसाला विश्वनाथकाकांकडे आले होते. पियुष हा काकांचा मुलगा. गेल्या आठवड्यात शेजारच्या प्लॉटवरचं झाड पाडलं, तेव्हा ही पिल्लं गार्गीला मातीत सापडली. त्यांची आई काही परत आली नाही. मग गार्गीच त्यांची आई झाली! ड्रॉपरनं बकरीचं दूध पाजायचं, रात्री गजर लावून उठायचं, सगळं तिनं केलं. आज जुना ड्रॉपर फुटला म्हणून तिघं अरुंधतीकाकूबरोबर इतवारीच्या बाजारात गेली, आणि तेवढ्यात हा घोळ झाला.

पियुषनं काकांना ऑफिसात फोन लावला.

"अरे, कूलरवाला येणार होता ना!" काका घाईत म्हणाले. "मी मारोतरावाला फोन करून सांगितलं, बॉक्स शेडमध्ये ठेव म्हणून. बरं, आय ॲम इन अ मीटिंग!"

फोन कट!

काकांना इंग्रजीचा भारी सोस. त्यांच्याकडे जेवताना 'सॉल्ट प्लीज' म्हटल्याशिवाय मीठसुद्धा मिळत नसे. आणि 'शेड' तर त्यांचा रोजचा शब्द. 'गाडी शेडमध्ये लाव, स्कूटर शेडमध्ये घे.' शेड म्हणजे झाडाखालची जागा, हे घरात सगळ्यांना पाठ होतं.

मारोतराव लेआउटचे, म्हणजे कॉलनीचे चौकीदार. त्यांचा फोन लागेना. ते उमरेडला भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला गेले होते. दुष्काळात तेरावा महिना!

"चला, एकेक झाड बघू!" गार्गी म्हणाली.

मे महिन्याची दुपार. डांबर चपलांना चिकटत होतं. तिघांनी कडुनिंब पाहिला, गुलमोहर पाहिला, पाण्याच्या टाकीखाली, काकांच्या गाडीच्या हिरव्या जाळीखाली पाहिलं. गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली, पुन्हा गेली. खोकं नाही!

"मांजरानं नेलं असेल बे," पियुष म्हणाला.

"खोक्यासकट?" अपूर्व भडकला. "तुमच्या इथली मांजरं काय कुरिअरचं काम करून राहिली का?"

एरवी या बोलण्यावर तिघं खदखदून हसली असती. आज कुणालाच हसू आलं नाही. गार्गी पायरीवर बसली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

"मी काहून गेले इतवारीत?" ती म्हणाली. "त्यांना भूक लागली असेल रे. ती चूं पण करत नाहीत. आपण जवळून गेलो तरी कळणार नाही. आता नाही सापडणार."

अपूर्व तिच्याजवळ जाऊन बसला.

पियुष मात्र कपाळावर आठ्या घालून पुटपुटत होता. "शेड... शेड... अरे! माझा मार्क!"

"कसला मार्क?"

"डिक्टेशनमध्ये गेलेला! मॅडमनी 'शेऽड' म्हटलं, ए लांब, त्याच्या शेवटी हलकासा इ. मी लिहिलं आखूडवाला 'शेड'. झाडाखालची लांब, टिनाची आखूड! मराठीत दोन्ही सारखंच लिहितो ना आपण, म्हणून कानाला एकच वाटतं. बाबा म्हणाले लांब, आणि मारोतरावांनी ऐकलं..."

"टिनाची शेड!" गार्गी उठून पळत सुटली.

गल्लीच्या टोकाला बिल्डरची टिनाची शेड उभी होती. तिच्यासमोरून तिघं दुपारभर ये-जा करत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा! पण तिथे ना खिडकी, ना झरोका. वरून ऊन नुसतं आग ओकत होतं. दाराला कुलूप. गार्गीनं टिनाला हात लावला आणि तळहात भाजला, तरी तिनं खालचा वाकलेला पत्रा सोडला नाही. पियुषनंही ओढला. फटीतून अपूर्व आत सरपटला.

"ताई, आत श्वासच घेता येत नाही!" तो आतून ओरडला. मग खोकं बाहेर आलं.

गार्गीनं झाकण उघडलं. तिनं एका पिल्लाला बोटानं हलवलं. मग दुसऱ्याला. ती हलली नाहीत. तिसऱ्याचं पोट मात्र वरखाली होत होतं, अगदी थोडं.

काकूनं त्याला ओल्या फडक्यात घेतलं आणि स्कूटरवरून प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. "जगेलही," डॉक्टर म्हणाले. "आज सांगता येणार नाही."

संध्याकाळी मुलांनी दोन पिल्लं कडुनिंबाखाली पुरली. तेवढ्यात काका आले, पाठोपाठ मारोतरावही.

"मी शेडमध्ये ठेवायला सांगितलं होतं!" काका कडाडले.

"म्या बी शेडमधीच ठेवलं जी! माह्यं काय चुकलं?" मारोतराव रडवेले झाले. "मले वाटलं, खोक्यात कूलरचं सामान हाये."

"बाबा, दोघंही खरंच बोलून राहिले," पियुष म्हणाला आणि त्यानं लांब-आखूड सगळं समजावून सांगितलं.

काकांचा चेहरा खुलला. "शाबास! एका व्हॉवेलवरून केस सोडवलीत! ब्रिलियंट!"

"पोरं लय हुशार हायेत, साहेब," मारोतराव डोळे पुसत म्हणाले. काकूनंही अपूर्वला जवळ घेतलं.

काकांनी गार्गीच्या डोक्यावर हात ठेवला. तिच्या भाजलेल्या तळहाताला पट्टी होती आणि पट्टीवर ते एकटं उरलेलं पिल्लू. या शाबासकीचं काय करायचं, तिला कळेना.

"काका," ती हळूच म्हणाली, "सावलीत ठेवा, एवढंच म्हणायचं होतं ना हो!"

काकांचा हात तिच्या डोक्यावर तसाच राहिला. "सावलीत," ते पुटपुटले.