शेवटचा चौकोन

"पाच वाजता मला काढून टाकणार. शप्पथ सांगते ताई, मी पत्ता पाहिलाच नाही!" नोंदणीवाली रडवेली झाली होती.

खासगी तपास करणाऱ्या वहिनी तिच्या टेबलाभोवती येरझारा घालत होत्या. वही घेतलेले त्यांचे दीर, म्हणजे भावजी, दमून खुर्चीत टेकले होते.

मारकुट्या नवऱ्यापासून पळालेल्या बायकांना हे कार्यालय लपवतं. काल अशाच एकीच्या दारात तिचा नवरा उभा! ती मागच्या दाराने कशीबशी निसटली. पत्ता इथूनच फुटला होता.

"मग काय पाहिलंत?"

"मुलांच्या बुटांचं माप. सहासष्टावा रकाना. पत्ता सत्तरावा, अगदी शेवटचा."

संगणकवाल्याने एक कागद पुढे केला. "बायकांच्या माहितीचा आमचा तक्ता आभासी आहे. स्वतःजवळ काही ठेवत नाही. मागाल तेवढेच रकाने मूळ साठ्यातून आणतो. ज्याने जे रकाने मागितले, तेवढे चौकोन त्याच्या अशा पट्टीवर काळे होतात. ही हिची परवाची पट्टी, शेवटचा काळा आहे. म्हणजे पत्ताच की!"

"पट्टी तुम्ही बनवलीत?"

"छे, माझ्या आधीच्या माणसानं."

भावजी बोटाने चौकोन मोजत बसले होते. "चौसष्ट. उगाच डोळे फोडले!"

वहिनी जागीच थबकल्या. मग तडक कार्यालयाच्या साहेबांच्या खोलीत शिरल्या.

"चौकशी मीच केली," साहेब म्हणाले. "फक्त तिची पट्टी मागवली, तेवढ्यात सगळं कळलं. नवरा तरी काय करणार हो? ढसाढसा रडत होता बिचारा."

"तुम्ही त्या दिवशी तक्ता उघडला होता?"

"बायका किती आहेत ते मोजलं. बास."

पावणेपाचला वहिनींनी सगळ्यांना पडद्यासमोर आणलं.

"बुटांचं माप मागा."

शेवटचा चौकोन काळा झाला.

"आता पत्ता."

पुन्हा तोच चौकोन!

"रकाने सत्तर, चौकोन चौसष्ट. उरलेले जाणार कुठे? चौसष्टाव्यापासून पुढचे सगळे शेवटच्या चौकोनात कोंबलेत. भावजींनी मोजलं म्हणून बरं."

भावजी उगाचच ताठ बसले.

"आता नुसती मोजणी करा."

पट्टी कोरी राहिली. डोकी मोजायला रकाना लागतोच कशाला?

"आता साहेबांची त्या दिवशीची पट्टी काढा."

पहिल्यापासून शेवटपर्यंत काळीकुट्ट. संगणकवाल्याने जीभ चावली.

"साहेब, मोजणीला सगळे रकाने लागले? आणि तो रडताना तुम्हाला दिसला कुठे?"

साहेबांनी रुमाल काढला. "जुना दोस्त आहे. माझ्यासमोर रडला, मला राहवलं नाही."

"मीही तुमच्यासमोरच रडले होते," नोंदणीवाली म्हणाली. तिला भयंकर राग आला होता.

तेवढ्यात फोन वाजला, तो नोंदणीवालीने घेतला. निसटलेली बाई दुसऱ्या घरी सुखरूप पोचली होती.

तिने डोळे पुसले, सवयीने तक्ता उघडला आणि सत्तराव्या रकान्यापाशी तिची बोटं थांबली.

"ताई, नवा पत्ता इथे भरू?"

"नको," वहिनी म्हणाल्या. "सध्या तुमच्या डोक्यातच राहू दे."