घाबरलेल्या माणसाचा कोट

तो दारातच अडखळला आणि थेट माझ्या इस्त्रीच्या टेबलावर येऊन थडकला. आत्याच्या शिवणकामाच्या दुकानात गिऱ्हाईकं अशी येत नाहीत.

"कोट हवाय... मुलाखतीसाठी. मागच्या वेळी तोंडातून शब्दच फुटला नव्हता."

मी माप घेऊ लागले. खांदे कानांना टेकलेले, श्वास अडकलेला.

"श्वास घ्या की. हातात टेप आहे माझ्या, सुई नाही."

तो हसला, खांदे खाली आले, पण माप तोवर घेऊन झालं होतं.

मग तो रोज यायला लागला. कधी बटणं बघायला, कधी अस्तर.

"अस्तर आत जातं. कोण बघणार?" मी विचारलं.

"मला ठाऊक असेल ना."

आत्या गालातल्या गालात हसायची. मला मात्र धाकधूक. नोकरी दूरच्या गावची होती... मिळाली की हा गेलाच.

मुलाखतीच्या आदल्या दुपारी त्याने कोट चढवला. खांद्यांवर कापड रिकामं उभं, काखेखाली सुरकुत्या.

"अगं, माप घेताना हा उभा कसा होता?" आत्याने विचारलं.

घाबरून. मी घाबरलेल्या माणसाचा कोट बेतला होता, आणि आता तो माझ्यासमोर निवांत उभा होता.

"राहू द्या," तो म्हणाला. "उद्या तिथे गेलो की बसेल नीट." उद्याचं नाव काढताच त्याचे खांदे वर चढले, आणि कोट खरंच चपखल बसला. ते बघून मला भीतीच वाटली.

मनात आलं, राहू दे असाच. नोकरी हुकली तर हा इथेच राहील... स्वतःचीच लाज वाटली.

"काढा तो." मी खांदे उसवायला घेतले.

"एवढं कशाला?"

"कारण इथे तुम्ही जसे उभे राहता ना... तो माणूस मला आवडतो."

बोलून गेले. माझेच खांदे कानांपर्यंत गेले होते. त्याने त्यांवर अलगद हात ठेवले.

"खाली," तो हळूच म्हणाला. "आणि नोकरी मिळाली तर... तिथेही शिंपीण लागेलच की. याल?"

मी मान डोलावली.

"आता तरी माप नीट घे," आत्या मशीनवरून म्हणाली.

मी टेप उचलली. त्याचे खांदे खालीच होते. आता माझेही.