डब्याखालचा खोकला

हे माझ्याबरोबर घडलं. पटवून द्यायचा माझा आग्रह नाही.

रात्रीची गोष्टही नाही. भर दुपारची आहे. २००३ साल, पोळा नुकताच झालेला. कारंजा घाडग्याच्या पुढचं सागाचं जंगल.

जंगलातल्या जमिनीतून किती वायू हवेत जातो, ते मोजायचं काम मला मिळालं होतं. जमिनीत लोखंडी कड्या रुतवलेल्या. त्यावर डबा उपडा घालायचा, थोडा वेळ थांबायचं आणि वरच्या रबरी बुचातून सुईने हवा ओढून बाटलीत भरायची.

सोबत तानाबाई असायची. जवळच्याच पाड्यावरची. तिचा नवरा प्रेमदास आदल्या पावसाळ्यात याच जंगलात गेला, तो परतलाच नाही. खूप शोधलं. काहीच सापडलं नाही. तानाबाई कुंकू लावतच राहिली.

त्या दुपारी मी नाल्याजवळच्या कडीवर डबा ठेवला.

किडे किरकिरत होते. ते एकदम थांबले.

आणि डब्याखालून... कुणीतरी खोकललं.

मी डबा उचलला. खाली ओली माती. एक सडकं पान.

परत ठेवला.

परत खोकला... लांबलचक, बिडी ओढणाऱ्या माणसाचा.

तानाबाई मागे येऊन उभी होती. तिचा चेहरा हललासुद्धा नाही.

"झाकू नका मॅडम," ती म्हणाली. "त्याचा जीव घुटून राह्यला."

मी वनरक्षकाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने माणसं लावून ती जागा खोदली. मुळं निघाली. मुरूम लागला.

बाकी काही नाही.

माणसं गेल्यावर तानाबाईने हातांनी माती परत लोटली. दाबून बसवली. मग नाल्यावर गेली आणि कपाळ धुतलं. रडली नाही. मी सुया-बाटल्या गोळा केल्या.

चार दिवसांनी ती कामावर आली. कपाळ मोकळं. मी नको म्हणत असताना तिने स्वतःच कडी बसवली, डबा ठेवला आणि शेजारी बसली.

मला काहीच ऐकू येत नव्हतं.

किडेसुद्धा नाही...

बऱ्याच वेळाने ती डब्याकडे पाहून हळूच बोलली.

"नाई. अजून नाई. पोरं लहान हायेत."

त्याने काय विचारलं, हे मी तिला विचारलं नाही. सुई टोचली, बाटली भरली, चिठ्ठी लावली. प्रयोगशाळेतून आकडे आले, ते बाकीच्या जागांसारखेच होते.

वर्षभरात काम संपलं. मी आर्वीला आले, तिकडे परत गेले नाही. तानाबाईची खबर काढायची म्हणते, पण फोन करवत नाही.

पोरं आता मोठी झाली असतील.