सतरा नंबरची कुपी

तो चुकून आत आला, तेव्हा मामंजी वीस सिगारेटी एकदम ओढत होते.

मामंजी म्हणजे यंत्र. काचेच्या पेटीत एका ओळीत वीस तोंडं, दर मिनिटाला एक झुरका, बरोबर दोन सेकंदांचा. दिवसभर बसून नुसतं ओढायचं आणि राख बाकीच्यांनी झाडायची, म्हणून प्रयोगशाळेतल्या काकूंनी त्याला हे नाव ठेवलं होतं. त्या धुरात कुठलं विष किती, ते मोजायचं काम या खोलीची प्रमुख म्हणून तिचं. सहा वर्षं ती तेच करत होती. घरी धाकटा भाऊ तिला ‘धूरवाली’ म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर तिलाही ते नाव आवडायचं.

“सॉरी... समितीची बैठक इथे नाही ना?” दारातल्या माणसाने विचारलं.

“समिती वरच्या मजल्यावर. इथे फक्त मामंजी असतात.”

त्याने ती वीस पेटती टोकं पाहिली. “यांना कोणी सांगितलं नाही का, तब्येतीला चांगलं नाही म्हणून?”

“मी रोज सांगते. ऐकतात कुठे!”

तो हसला... आणि हसला म्हणजे काय हसला! तिच्या हातातला चिमटा तसाच हवेत राहिला.

तो समितीचा आकडेतज्ज्ञ निघाला. सिगारेटच्या धुरातल्या विषांवर मर्यादा घालायचा नियम समिती करणार होती, आणि तिची मोजमापं तपासायला त्याला नेमलं होतं. दुसऱ्या दिवशी तो एक शंका घेऊन खाली आला. तिसऱ्या दिवशी दोन. महिन्याभरात शंका संपल्या, येणं काही संपलं नाही. दुपारी दोनला लॅपटॉप घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचा, तो पाचला उठायचा.

“वर तुम्हाला खिडकीवाली खोली दिलीय म्हणे,” ती एकदा म्हणाली.

“दिलीय ना. पण तिथे लक्ष लागत नाही.”

“आणि इथे लागतं?”

“इथेही नाही लागत...” तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

एवढ्यावर माणसाने सुखात राहावं की नाही? पण समितीत एक वकीलबाई होत्या. उंच, देखण्या, आणि सिगारेट ओढणाऱ्या. इमारतीच्या पायऱ्यांवर उभ्या राहून अशा काही ऐटीत धूर सोडायच्या, की धूरवालीला आपलं सहा वर्षांचं संशोधन पाण्यात गेल्यासारखं वाटायचं. आणि त्यांच्या शेजारी कागद हातात धरून खो खो हसतंय कोण? तर आकडेवाला! तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

“अगं, कामाचं बोलत असतील,” काकू म्हणाल्या.

“कामाचं बोलताना माणूस एवढे दात दाखवतो?”

“तू दाखवतेस की.”

तिने काकूंशी दिवसभर अबोला धरला.

त्याच आठवड्यात लाळेचे नमुने तपासायला घेतले. तुलनेसाठी सिगारेट न ओढणारी तीस माणसं लागत होती, त्यांत त्यानेही हौसेने नाव दिलं होतं. कुपीवर नाव नसतं, फक्त नंबर. कोणती कुपी कोणाची, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. पण सतरा नंबरची चिठ्ठी उलटी लागली होती, आणि ती उलटी लावून “अरे देवा!” म्हणणारा तो, हे तिने समोर उभं राहून पाहिलं होतं. तेव्हाच तिने ती कुपी काकूंकडे देऊन नंबर बदलून घ्यायला हवा होता. नाही घेतला. तीस कुप्यांतली एक ओळखू येते, याचं तिला उगाच बरं वाटत होतं.

निकोटिन शरीरात गेलं की त्याचं कोटिनिन होतं, आणि ते दोन-तीन दिवस लाळेत सापडतं. ओढणाऱ्याचा आकडा शेकड्यांत जातो. न ओढणाऱ्याचा शून्याला चिकटून असतो. एकोणतीस कुप्या तशाच निघाल्या. सतरा नंबरची आली – पाच.

पाच म्हणजे हा स्वतः ओढत नाही. पण कोणीतरी ओढतं आणि हा शेजारी बसतो. पायऱ्यांवर, मोकळ्या हवेत पाच मिनिटं उभं राहून पाच येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तिने गणित मांडलं. बंद खोली. रोज दोन-तीन तास. जवळजवळ... अगदी जवळ! इतर बायकांना नुसता संशय येतो; हिच्याकडे पुरावाच होता. ती बाथरूममध्ये जाऊन रडली, तोंड धुतलं आणि परत येऊन मामंजींची राख झाडली.

दोन दिवस तिने त्याच्याशी ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच लॅपटॉप मिटला.

“माझं काही चुकलं का?”

“माझा काय संबंध? ज्यांच्याबरोबर बंद खोलीत बसता, त्यांना विचारा.”

“कोणाबरोबर?”

“ते तुम्हाला माहीत. सतरा नंबर पाच आलाय!” बोलून गेली आणि तिने जीभ चावली. नमुना ओळखल्याची कबुलीच होती ती.

तो मात्र दुसऱ्याच विचारात पडला होता. “घरी मी एकटा असतो. वकीलबाईंना मी पायऱ्यांवरच भेटतो, त्यांचा नवरा न्यायला येईपर्यंत. बंद खोलीत, रोज तीन तास...” तो थांबला. “अशी मला एकच खोली माहीत आहे.”

दोघांनी एकदमच मामंजींकडे पाहिलं.

तिने स्वतःची लाळ कुपीत घेतली आणि तपासणीच्या यंत्राला लावली. तासाभराने आकडा आला – सात. काकूंनी छतावर जाऊन धूर बाहेर टाकणारी नळी उघडली, तर गाळणी काजळीने गच्च भरलेली. दिव्याखाली अंधार! जगाच्या धुराचा हिशेब ठेवणारीला स्वतःच्या खोलीतला धूर कळला नव्हता. तिच्या नाकाला त्याची सवयच झालेली.

“म्हणजे मी ज्या बाईवर जळत होते...” ती म्हणाली.

“जळत होतात?” त्याने हळूच विचारलं.

“दोन आठवडे. झोप नाही, जेवण नाही. झालं समाधान?”

“खूप,” तो म्हणाला.

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. नियम त्याच आकड्यांवर उभा राहायचा होता. सतरा नंबर गुपचूप गाळला असता तर कोणाला पत्ता लागला नसता. तिची नोकरी, तिचं नाव, सगळं शाबूत राहिलं असतं. तिने चूक नोंदवायचा फॉर्म काढला. नमुना कसा ओळखला – लिहिलं. ओळखल्यावर काय करायला हवं होतं – तेही लिहिलं. मग प्रश्न आला : सदर व्यक्ती या खोलीत रोज का थांबत होती?

“हे मी कसं लिहू?” तिने विचारलं.

त्याने तिच्या हातातून पेन घेतलं आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं : ‘कामाचं काहीही कारण नव्हतं.’ खाली सही केली.

तिने ते वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. खाली खोलीच्या प्रमुखाच्या शेऱ्याची जागा मोकळी होती, आणि हा कागद उद्या प्रयोगशाळेच्या मोठ्या सरांसमोर, परवा अख्ख्या समितीसमोर जाणार होता. तिने पेन परत घेतलं.

‘हे मला माहीत होतं,’ तिने लिहिलं. ‘तरी मी त्यांना एकदाही जा म्हटलं नाही.’