पळून गेलेले पाच

बेचाळीस सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. नीलकंठ देवस्कर जबलपूरला दारूगोळ्याच्या एका कारखान्यात लॉरी चालवायचा. लढाईमुळं पेट्या कमी पडत, म्हणून आठवड्यातून दोनदा सिहोऱ्याहून लाकडाच्या फळ्या आणायच्या, हे त्याचं काम. त्या सकाळीही तो फळ्यांनाच निघाला होता. फाटकावर त्याला सांगण्यात आलं की वाटेत बराकीतले पाच कैदी घ्यायचे आहेत, थानेदारसाहेब शिपाई घेऊन बरोबर येतील, दुसऱ्या तुरुंगात पोचवायचे आहेत.

ऑगस्टचा उठाव तोवर मोडून काढला होता. रूळ उखडणारे, तारा कापणारे असे संशयावरून धरलेले लोक त्या कच्च्या बराकीत कोंबले होते. ना खटला, ना तारीख. पाचही जणांना एकाच दोराला बांधून लॉरीत चढवलं. शेवटी चढला तो चष्मेवाला शाळामास्तर, शरच्चंद्र. नीलकंठला मराठीत कोणाला तरी हाक मारताना त्यानं ऐकलं असावं. जाता जाता हलकेच म्हणाला, "भाऊ, चेरीतालला घर आहे माझं, तलावाकडच्या गल्लीत. प्रतिमाला सांगाल, मी बरा आहे."

नीलकंठनं मान हलवली.

सिहोऱ्याच्या अलीकडे थानेदारानं लॉरी जंगलात वळवायला लावली. चुन्याची एक जुनी खाण होती, तिथं थांबवली. ऊन चांगलं वर आलं होतं, मोहाच्या झाडांवर पोपट कलकलत होते. दोर सोडला आणि थानेदार म्हणाला, "जाओ. छोड़ दिया."

कोणी हललं नाही. काय होणार ते पाचांनाही कळलं होतं.

"भागेंगे नहीं," मास्तर म्हणाला. "लिखना है तो सच लिखना."

थानेदारानं पिस्तूल त्याच्या तोंडाशी धरलं आणि चाप ओढला. गोळी दातांतून आत गेली. चष्मा उडून लॉरीवर आपटला. मग शिपायांच्या बंदुका सुरू झाल्या, समोरासमोर, चार हातांवरून. पोपट गप्प झाले. एक जण मेला नव्हता. तो कोपरांवर सरपटत लॉरीपाशी आला आणि त्यानं चाक दोन्ही हातांनी धरलं, जसं काही ते त्याला घेऊन निघणार होतं. शिपायानं मानेवर बूट ठेवून त्याला संपवलं. त्याचं रक्त नीलकंठच्या खाकी पायजम्यावर उडालं, आणि ते गरम होतं.

पाय धरून प्रेतं खाणीत ओढायला नीलकंठलाच लावलं. टाचा अजून उबदार होत्या. वर चुना पसरला. मग थानेदारानं बॉनेटवर कागद ठेवला. त्यावर लिहिलं होतं, गाडी चढावर मंद झाली तेव्हा पाच कैदी उडी टाकून पळून गेले, खाली साक्षीदार म्हणून ड्रायव्हरची सही. पिस्तुलाचा जळका वास अजून येत होता. नीलकंठनं सही केली.

फळ्या न घेताच तो परतला. कारखान्याच्या फाटकावर प्रत्येक गाडी काट्यावर तोलून आत घेत. काटेवाल्या चिंतामणीनं रिकामी लॉरी तोलली, पुन्हा तोलली. साडेसात मण जास्त. लोखंड चोरल्याच्या संशयावरून झडती झाली, फळकुटं उचकटली, काही निघालं नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या ड्रायव्हरनं तीच गाडी आणली तर वजन बरोबर. नीलकंठ बसला की साडेसात मण.

"उतर बरं जरा," चिंतामणी म्हणाला.

तो उतरला. त्याच्या एकट्याचंच वजन कमी झालं, बाकीचं तसंच राहिलं. मग तो दहा-बारा पावलं चालत गेला आणि काटा हळूहळू खाली यायला लागला, एका मागून एक माणूस उतरावा तसा, पाच टप्प्यांत. त्या दिवसापासून चिंतामणीनं नीलकंठच्या शेजारी चहाला बसणं सोडलं.

आठव्या दिवशी निरोप आला. उद्या पुन्हा गाडी लागेल. चार आहेत.

पहाटे नीलकंठ लॉरीच्या तोंडाशी गेला. गाडी सुरू करायचं हँडल लावलं, इंजिन उलटा झटका देईल असं करून ठेवलं, मनगट आडवं धरलं. हाड मोडल्याचा आवाज त्याला इंजिनाच्या धडधडीतही ऐकू आला. सगळे म्हणाले, हँडल उलटलं बिचाऱ्याचं. त्या दिवसापुरती तरी गाडी उभी राहिली.

दुपारी हात गळ्यात बांधून तो चेरीतालला गेला. खरं काय ते सांगायचं, मग काहीही होवो, असं ठरवून. मास्तरची बायको प्रतिमा दारातच होती. पोलीस पळालेल्याला शोधायला येऊन गेले होते, त्यामुळं नवरा सुटला एवढं तिला ठाऊक होतं. चेहरा उजळला होता.

"वहिनी, ते पळाले नाहीत," नीलकंठ म्हणाला. "मी तिथं होतो. मीच सही..." तो रडायला लागला.

"हळू बोला," ती कुजबुजली. "काहून रडून राहिले, भाऊ? आत्ताच तर जेवून गेले ते."

नीलकंठनं डोळे पुसले.

"पाच जण होते. चौघं माझ्या ओळखीचे नाहीत. तोंडातून शब्द नाही कोणाच्या. यांनी तेवढं सांगितलं, नीलकंठ येईल... त्यालाही वाढ." मग ती ओशाळली. "घाईत तांदूळ नीट निवडला नाही हो मी. सगळ्यांना खडे लागले."

मधल्या खोलीत पाच ताटं अजून उचलली नव्हती. भात चाटूनपुसून संपवलेला. प्रत्येक ताटाच्या कडेला, मीठ वाढतात तिथं, काढून ठेवलेले खडे होते. करडे, जड, चेपून चपटे झालेले शिशाचे तुकडे.

सहावा पाट मांडलेला होता. नीलकंठ त्यावर बसला. तिनं गरम भात वाढला आणि समोर उभी राहिली. नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. डाव्या हातानं त्यानं एक घास घेतला, मग दुसरा.

दुसऱ्या घासाला त्याच्या दाताखाली काहीतरी कचकन आलं.