शेजारच्या खोलीचं दार

हॉटेल निवडायला मावशीने जितका वेळ घेतला तितका नवरा निवडतानाही घेतला नसेल, असं तिची भाची पुढे सगळ्यांना सांगायची. भाची एका प्रवास कंपनीत नोकरीला होती. परक्या गावात माणसांना कुठे उतरवायचं, हेच तिचं रोजचं काम. ती फोनवर फोटो दाखवत होती आणि मावशी चष्मा कपाळावर ढकलून एकेक हॉटेल नापास करत होती.

"हे बघ, इथे पोहायचा तलाव आहे."

"पोहणार कोण? तुझे काका?"

"मग हे टेकडीवरचं बघ. झाडं, मोकळी हवा, शांतता..."

"शांतता नको गं बाई. ती आमच्याकडे ढिगाने आहे."

घरातली ती शांतता आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. काका भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा, की टोकाच्या गाळ्यातला हमालही दचकून मागे बघे. सगळा बाजार त्यांना 'भोंगा' म्हणायचा आणि त्यांना ते आवडायचं. मावशीचा जन्म ग्रंथालयाच्या नोकरीत गेलेला. नवरा दिवसभर ओरडतो, मी दिवसभर 'शू' म्हणते, म्हणून संसारात हिशेब बरोबर बसतो, असं ती हसत हसत सांगायची. मग एके सकाळी कोबीच्या ढिगापुढे भाव पुकारता पुकारताच काकांचं तोंड वाकडं झालं आणि ते खाली बसले.

जीव वाचला. काठी टेकत, पाय ओढत का होईना, चालायलाही लागले. पण बोलणं परत आलं नाही. बोलायला शिकवणाऱ्या एक बाई घरी यायच्या, चित्रं दाखवायच्या. काका घाम फुटेपर्यंत "बा... बा..." करायचे. एक दिवस त्यांनी सगळी चित्रं हाताने उधळून दिली आणि त्या दिवसापासून 'बा'सुद्धा म्हणेनासे झाले. कोणी भेटायला आलं की आत जाऊन बसत. डॉक्टर म्हणाले, "त्यांना कुठेतरी माणसांत घेऊन जा. बोलावंसं वाटलं पाहिजे ना आधी!"

म्हणून मावशीला शहराच्या मध्यावरचं हॉटेल हवं होतं. लिफ्ट हवी, आणि खिडकीशी अशी खुर्ची हवी की फार चालता न येणाऱ्या माणसाला बसल्या जागी शहर बघता यावं.

"मग हे घे," भाची म्हणाली. "शहराची बेंबीच आहे ही."

जुनी दगडी इमारत, चौकाच्या अगदी नाकावर. रंगीत काचा, बाहेर फुगलेली गोल खिडकी आणि खिडकीखाली फुलांचा नि भाज्यांचा बाजार. मावशीने चष्मा डोळ्यांवर ओढला. "किती गोड आहे गं! हेच."

फोटो खोटा नव्हता. खिडकी तशीच होती, खुर्ची तशीच होती, बाजाराचा कलकलाट थेट पलंगापर्यंत येत होता. फोटोत न दिसलेली एकच गोष्ट होती. बाजूच्या भिंतीत शेजारच्या खोलीत उघडणारं एक दार होतं. भिंतीच्याच रंगात रंगवलेलं, पितळी मुठीचं, अलीकडून कडी घातलेलं. मावशीने कडी ओढून पाहिली. पक्की होती. तिने खुर्ची खिडकीशी सरकवली, काकांना बसवलं आणि पाव, फळं आणायला खाली गेली.

परतली तेव्हा दिवेलागण व्हायची होती. उजेड गेलेला आणि दिवे अजून न लागलेले, अशी ती वेळ. व्हरांड्यात ओल्या चुन्याचा आणि नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीचा वास येत होता. किल्ली लावणार तोच मावशीचा हात थबकला.

आत कोणीतरी बोलत होतं. बाईमाणूस. आवाज जरासा घोगरा, पण आजारी मुलाच्या उशाशी बसून बोलावं तसा मऊ. आणि त्या आवाजाला दुसरा कोणीतरी उत्तर देत होता... अडखळत, एकेक अक्षर उचलत.

तो आवाज मावशीने वर्षभर ऐकला नव्हता.

तिने दार उघडलं. आवाज बंद. खोलीत काका एकटेच. पण खुर्ची खिडकीशी नव्हती. ती त्या दाराला टेकवलेली होती, आणि काकांच्या डोळ्यांत लकाकी होती.

"अहो... कोण होतं?"

काकांनी नुसतं दाराकडे पाहिलं. हसले.

सकाळी मावशी खाली मालकिणीकडे गेली. मालकीण ठसठशीत बाई, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. शेजारच्या खोलीत कोण उतरलंय, हे विचारल्यावर तिचा हसरा चेहरा उतरला.

"शेजारी खोली नाहीये, ताई. पूर्वी दोन्ही इमारती मिळून एकच हॉटेल होतं. पलीकडची आगीत गेली, मी लग्न होऊन इथे यायच्याही आधी. तुमच्या दारामागे काही नाही... हवा आहे."

"त्या खोलीत तेव्हा कोणी होतं का?"

"कोणास ठाऊक." मालकीण किल्ल्या चाळवत राहिली. मग हलकेच म्हणाली, "पण हे विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही. मागची खोली देऊ का? तिथून काही दिसत नाही, पण... काही ऐकूही येत नाही."

मावशी बाहेरच्या गल्लीत जाऊन उभी राहिली. वर, दुसऱ्या मजल्यावर, काळवंडलेल्या विटांच्या उघड्या भिंतीत ते दार होतं. पुढे दगडी उंबऱ्याची हातभर पट्टी, तीही रिकामी, आणि त्याखाली सरळ जमिनीपर्यंत पोकळी. खाली कोणाच्या तरी सायकली लावलेल्या होत्या.

ती तशीच वर आली आणि भराभरा कपडे बॅगेत कोंबू लागली.

"नको."

मावशी वळली. काका खुर्चीच्या हातावर मूठ आवळून बसले होते. मान लाल झाली होती.

"न...को."

ती पलंगावर मटकन बसली. हसू की रडू तिला कळेना. वर्षभरात डॉक्टरांना जमलं नाही ते त्या दाराने एका संध्याकाळीत केलं होतं. भीती होतीच. पण तो शब्द गमावण्याची भीती त्याहून मोठी होती. बॅग तिने परत पलंगाखाली सरकवली.

त्या संध्याकाळी ती बाहेर गेली नाही. काकांच्या शेजारी स्टूल घेऊन बसली. खालच्या बाजारात माणसं पाट्या आवरत होती. काचांचे रंग भिंतीवरून सरकत सरकत विझले. मग तो वास आला आणि दारापलीकडे काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी खुर्ची जवळ ओढून घेतली असावी.

"म्हणा... पाणी."

"पा... णी."

"सावकाश. तुमचे शब्द कोणी पळवत नाही. खिडकी..."

"खि... खिडकी."

मावशीच्या अंगावर सरसरून काटा आला. पण काका तल्लीन झाले होते. चुकले की पुन्हा म्हणत होते. पलीकडची बाई घाई करत नव्हती, कंटाळत नव्हती. मग मध्येच ती थांबली.

"आणि... तुमच्याजवळ कोण बसलंय?"

काकांनी मान वळवली. बराच वेळ ओठ जुळवत राहिले. "माझी... बायको."

"श्वास रोखून बसल्यात. सांगा त्यांना... श्वास घ्या म्हणावं."

मावशीने श्वास घेतला तो हुंदक्यासारखा बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी काका आपणहून बाजारात उतरले. काठी टेकत एका भाजीवालीपुढे उभे राहिले, टोमॅटो हातात घेऊन दाबून पाहिला आणि म्हणाले, "कसे... दिले?"

"घ्यायचे असतील तर घ्या, दाबू नका!" भाजीवाली खेकसली.

काका खदाखदा हसले. मावशीने तोंड फिरवलं आणि उगाचच फुलांचा भाव विचारत राहिली. त्या भाजीवालीचे पाय धरावेत असं तिला वाटत होतं. पुढे ते तसेच हिंडले. नदीवरचा पूल, पुस्तकांची गल्ली, सगळं हाकेच्या अंतरावर. दमले की परत खोलीत. हॉटेल खरंच मोक्याचं होतं. रात्री भाचीला फोन करून मावशी म्हणाली, "काका बोलले गं!"

शेवटच्या संध्याकाळी मात्र आवाज वेगळा होता. मऊच, पण थकलेला, आणि दाराच्या अगदी लगत आलेला.

"तिकडचे शब्द पुष्कळ झाले. आता इकडे या."

काकांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"तिकडे अडखळत बोलाल. इकडे कोणी अडखळत नाही... पायही ओढत नाही. या ना..."

कडी हलली. मावशीच्या डोळ्यांदेखत ती एकटीच, सावकाश, गंज खरवडत मागे गेली. दार आत उघडलं.

पलीकडे हवा नव्हती. खोली होती. भिंतींना फिकट फुलांचा कागद, टेबलावर पेटलेली मेणबत्ती, आणि बसणाऱ्यासाठी मागे ओढून ठेवलेली खुर्ची. खुर्चीच्या पाठीवर एक हात होता. हातामागचं सगळं अंधारात.

काका उठले. काठी भिंतीला तशीच राहिली. ते सरळ चालत निघाले, पूर्वीसारखे, ताठ, आणि दुखरा पाय जरासुद्धा ओढला जात नव्हता. मावशीने त्यांचा सदरा पकडला. कापड तिच्या बोटांतून निसटलं. एक पाऊल उंबऱ्यापलीकडे गेलं.

जन्मभर 'शू' म्हणणारी मावशी तेव्हा ओरडली. अशी ओरडली, की खाली बाजारातल्या माणसांनी वर पाहिलं.

"अहो, तिकडे जमीन नाही! मी काय एकटी जाऊ घरी? इतकी वर्षं तुमचा आरडाओरडा ऐकला, तो काय यासाठी? मुके तर मुके, लंगडे तर लंगडे, पण मागे फिरा!"

काका थांबले. ते त्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी मोठा श्वास घेतला.

"बाई... तुमचे फार... उपकार आहेत," ते म्हणाले. एकेक शब्द दगडासारखा उचलत होते. "पण मी... हिच्याबरोबर... जाणार."

खुर्चीवरचा हात हळूच उचलला गेला.

"बरं," आवाज आला. "मग दार लावून घ्या. वारा येतो."

काकांनी पाऊल मागे घेतलं. ते पुन्हा ओढतच आलं. दोघांनी मिळून दार लोटलं, मावशीने कडी घातली आणि दोघं जमिनीवरच, दाराला पाठ लावून, एकमेकांना धरून बसली. पलीकडून काही आलं नाही. चौकातले दिवे लागले. थोड्या वेळाने काका म्हणाले, "केवढ्यांदा... ओरडलीस गं."

"तुमच्याकडूनच शिकले," मावशी म्हणाली.

सकाळी निघताना मालकिणीने काही विचारलं नाही. फक्त काका तिला स्वतःच्या तोंडाने "येतो" म्हणाले, तेव्हा तिने किल्ल्यांचा जुडगा छातीशी धरला.

टॅक्सी बाजूच्या गल्लीत उभी होती. सामान ठेवून होईस्तोवर काकांनी चालकाशी गप्पा सुरूही केल्या होत्या. अडखळत, हात हलवत, कुठल्या रस्त्याने गेलं तर गर्दी लागणार नाही ते ऐकत होते आणि मध्येच आपलंही घोडं दामटत होते. घरी गेल्यावर त्या शिकवणाऱ्या बाईंना पुन्हा बोलवायचं, असं त्यांनीच रात्री सांगितलं होतं. मावशीला वर्षभरात पहिल्यांदा हलकं वाटत होतं. गाडीत बसता बसता तिने एकदाच, निरोप घ्यावा तसं, वर पाहिलं.

काळवंडलेल्या भिंतीत ते दार घट्ट बंद होतं. बाहेरच्या दगडी पट्टीवर, खाली नुसती पोकळी असलेल्या त्या हातभर जागेत, बाईच्या सपातांचा एक जोड होता. नीट जुळवून काढून ठेवलेला. टोकं दाराकडे होती, घरात शिरणाऱ्या माणसाने ठेवावीत तशी.

"अगं, बस ना... लवकर," काका म्हणाले.

मावशी बसली.