स्वर्गातला अर्धा तास

"अहो, थांबा — पुढे काच आहे!"

भिंगरी थांबली तेव्हा तिचं नाक काचेपासून बोटभर लांब होतं. मावशींच्या दारात एकजण अख्खं तावदान उभं धरून उभा होता. काचेवरून पावसाचे थेंब ओघळत होते आणि पलीकडून दोन मिश्कील डोळे तिच्याकडे बघत होते.

"काच आहे हे कळेल असं काहीतरी चिकटवायचं ना तिला!"

"चिकटवलं असतं. पण मग मी ती किती स्वच्छ पुसलीये, हे तुम्हाला कुठून कळलं असतं?"

भिंगरी हे नाव तिला आत्याने दिलेलं. जेवायला बसली तरी हिचा एक पाय टेबलाखाली हलत असायचा. रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात ती मदतीचे फोन घ्यायची. पलीकडचं माणूस रडो, ओरडो, तिचा धीर सुटत नसे. पण ते गप्प झालं की ती खुर्चीतून उठून उभी राहायची. शांततेशी तिचं वाकडंच होतं.

दर गुरुवारी संध्याकाळी ती मावशींकडे यायची. जन्मभर नर्स म्हणून राबून निवृत्त झालेल्या मावशी, गणिताचे मास्तर आणि ती अशी तिघं मिळून बायबलचं शेवटचं पुस्तक, 'प्रकटीकरण', वाचत. गुंडाळीवरचे एकेक करून फुटणारे शिक्के, घोडे, देवदूतांचे कर्णे, जगाचा शेवट! रोज फोनवर कुणाचं ना कुणाचं जग कोसळताना ऐकायचं. मग शेवटानंतर काय, हे वाचून तरी बघावं, असं तिला वाटायचं.

त्या दिवशी काचवाल्याने तावदान बसवलं, चहा घेतला, बसून थोडं ऐकलं. आणि पुढच्या गुरुवारी तो पुन्हा हजर!

"आज काय फुटलं?" भिंगरीने विचारलं.

"इथे काही नाही. पण तुमच्या त्या पुस्तकात पानोपानी काहीतरी फुटतंय. म्हटलं, माणूस लागेल."

मग तो येतच राहिला. मास्तर जगाच्या शेवटाचं वर्ष काढायला बसले की तो गंभीर चेहरा करून म्हणायचा, "मास्तर, पुढच्या महिन्याची कामं घेऊ की नको, तेवढं आधी सांगा." भिंगरी ओढणीत तोंड लपवून हसायची. त्याची नजर आधी मास्तरांकडे जायची, मग तिच्याकडे... आणि तिथेच रेंगाळायची. हिला शुक्रवारपासूनच गुरुवारचे वेध लागायचे. काम सुचेना, झोप लागेना. आत्या म्हणाली, "अगं, जरा एका जागी टेक!" टेकणार कशी?

आणि एका गुरुवारी छत्री मिटता मिटता तो म्हणाला, "सोमवारी निघतोय. दुसऱ्या शहरात मोठी इमारत उभी राहतेय, सगळी काचेची. वर्ष तरी जाईल."

तिने तोंड उघडलं... तेवढ्यात मावशींनी हाक मारली, "बसा रे. आज सातवा शिक्का."

सातवा शिक्का फुटला आणि स्वर्गात सुमारे अर्धा तास कुणी चकार शब्द काढला नाही, एवढंच तिथे होतं. मावशींनी पुस्तक मिटलं. "आज आपणही तेवढा वेळ गप्प बसू या. बघू या जमतंय का."

आजच? भिंगरीचा जीव वरखाली होऊ लागला. बाहेर पागोळ्या गळत होत्या. मास्तरांचा श्वास संथ झाला. समोर तो मान खाली घालून बसला होता. बोटांवर बारीक बारीक जुने ओरखडे. तिने बांगडी फिरवली, ओढणीचं टोक पिळलं, पाय हलवला. त्याने वर बघितलं. तीही बघत राहिली. तो काहीतरी बोलणार — आणि त्याने ओठ मिटले. फोनवरचं माणूस गप्प व्हावं, तसं.

"मला नाही जमत!" ती उभीच राहिली. "तुम्ही... तू जाऊ नकोस. म्हणजे, जा. काम आहे तर जा. पण असं छत्री मिटता मिटता सांगून जाऊ नकोस ना! मी आठवडाभर इथे यायची वाट बघते, ती काय कर्ण्यांसाठी?"

मास्तर दचकून जागे झाले. मावशींनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "अजून वेळ आहे. बस."

ती बसली. कानांच्या पाळ्या तापल्या होत्या. तो उठला, आपली खुर्ची उचलली आणि आवाज न करता तिच्या शेजारी आणून ठेवली. ओरखड्यांचा तो हात तिच्या हाताशेजारी टेबलावर आला. नुसता शेजारी. मग करंगळीला करंगळी लागली... आणि टेबलाखालचा तिचा पाय हलायचा थांबला.

"झाली वेळ," मावशी म्हणाल्या.

"मी आजच विचारणार होतो," तो घाईघाईने म्हणाला, "मावशींनी मध्येच स्वर्ग गप्प करून टाकला."

"मग विचार ना आता."

"तिथे घर बघायचंय. एकट्यासाठी बघू, की... दोघांसाठी?"

"दोघांसाठी," भिंगरी म्हणाली. "आणि मला दाखवल्याशिवाय ठरवायचं नाही."

मास्तरांनी चष्मा पुसला आणि पान उलटलं. "मग पुढचं वाचायचं ना?"

"राहू दे, मास्तर," मावशी चहाला उठत म्हणाल्या. "आज एवढं प्रकटीकरण पुरे."